काचेचं माप

जुन्या दिव्यांना काच निवडायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांना स्वतःच्या नावाचा गाजावाजा आवडत नसे. म्हणून इथेही त्यांना नुसतं काका म्हणतो. बुधवारी आणि रविवारी ते पुण्याच्या जुन्या बाजारात बसत. पुढ्यात पितळी बर्नर, मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या चिमण्या.

आमच्याकडे आजोबांच्या वेळचा हिंक्सचा मेजावरचा दिवा होता. त्याची काच कधीच फुटलेली. काच म्हणजे वाऱ्याला आडोसा, एवढंच मला ठाऊक. तेव्हा बसेल आणि शोभेल ती आणावी, असं वाटायचं. काकांनी विचारलं, ‘‘वाती किती आहेत?’’ मला सांगता आलं नाही. ‘‘बर्नर काढून घेऊन ये बाळा, मग बघू,’’ म्हणाले.

बर्नर नेला तेव्हा वात फिरवायच्या चक्रीवरची अक्षरं त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. बर्मिंगहॅमच्या हिंक्सचा हा ड्युप्लेक्स बर्नर १८६५च्या सुमाराचा शोध. त्यात दोन चपट्या वाती शेजारी शेजारी जळतात. म्हणून त्याच्या चिमणीचा फुगवटा लंबगोल असतो आणि तो वातींच्या रेषेत धरायचा असतो. आडवा धरला तर ज्योतीची टोकं काचेजवळ येतात आणि काच तडकते. मग त्यांनी कॅलिपर माझ्या हातात दिला. चिमणी ज्या कड्यात बसते त्याचं आतलं माप घ्यायचं आणि काच त्याहून किंचित लहान बघायची. तापली की काच फुगते. घट्ट बसवलेली टिकत नाही.

पुढे माझी नोकरी गेली. घरात कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. काकांनी विचारपूस केली नाही की धीराचे शब्द काढले नाहीत. शेजारी बसवून घेतलं आणि एक जर्मन कॉस्मॉस बर्नर पुढे सरकवला. त्याची चपटी वात वर येताना गोल वळते. चिमणीला खालच्या अंगाला बारीक कंबर असते, ती वातीच्या तोंडाच्या जराशी वर यायला हवी. मग हवा ज्योतीवर दाबली जाते आणि उजेड स्वच्छ पडतो. कंबर फार वर गेली तर ज्योत तांबूस होऊन काजळी धरते. चिमणी तोकडी असेल तर हवेची ओढ कमी पडते. एकाच बर्नरवर निरनिराळ्या काचा चढवून मी हे बघत बसे. काही सुचत नव्हतं अशा त्या काळात हातांना काम आणि मनाला लक्ष द्यायला जागा काकांनी दिली. त्याचं मोल मला आजही करता येत नाही.

शेडबद्दल ते थोडंच सांगत. आधी कडीचं माप, मग चिमणीचं तोंड शेडच्या वर निघतं का ते, रंग सगळ्यांत शेवटी. वाचायच्या दिव्याला मात्र बाहेरून हिरवी, आतून दुधी शेडच द्यावी, कारण आतला पांढरा थर उजेड खाली टाकतो.

एकदा कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील दुरुस्तीला आला. आपल्या मुलखात घडलेली वस्तू म्हणून काका तो फार जपून हाताळत होते. कंदिलाच्या काचेचं गणित वेगळं. ती खालची बैठक आणि वरची टोपी यांच्यामध्ये धरलेली असते, म्हणून तिथे उंचीला महत्त्व. उंची कमी पडली की फटीतून हवा शिरते आणि ज्योत नाचते. त्या दिवशी ती काच निवडायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी निवडलेली काच त्यांनी स्वतः न मोजता गिऱ्हाइकाला दिली. माझ्या पुढच्या, दिव्यांच्या उद्योगाची सुरुवात मी तिथपासून धरतो.

जुन्या दिव्यावर फिरोजाबादची नवी काच चढवली, तर काका पावतीवर ‘काच नवी’ असं ठळक लिहीत. गिऱ्हाईक कितीही म्हणो, ते शब्द गाळत नसत. माझ्या पावत्यांवरही आता तेच शब्द असतात. ते त्यांचेच आहेत आणि त्यांना विचारून घ्यायचं राहून गेलं.