खानदेशची दुपार आणि घरातला मोती

उन्हाळ्यात जळगाव पहाटेच फिरून घेते. साडेपाचच्या सुमारास मेहरूण तलावावर जावे, तर काठाच्या वाटेने ज्येष्ठ मंडळी संथ पावलांनी चालत असतात आणि त्यांतील काहींच्या हाती पट्टा असतो. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोठे लठ्ठ लॅब्रॅडॉर, कोठे पांढराशुभ्र पॉमेरियन, तर कोठे ज्याचे कूळ विचारू नये असा तपकिरी गावठी. सात वाजले की ही वर्दळ ओसरते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या या गावात त्यानंतर सायंकाळपर्यंत शहाणा माणूस बाहेर पडत नाही, आणि त्याने कुत्र्यालाही बाहेर काढू नये.

कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. तळपायांना थोडासा येतो, एवढेच. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड करण्याचा मुख्य मार्ग. रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याचे पंजेही पोळणार. हे मेहरूणच्या काठावर बहुतेकांना ठाऊक आहे. खरा प्रश्न असतो तो त्यानंतरच्या दहा तासांचा. कूलर लावलेली एक खोली, तीत आजी-आजोबा, औषधांचा डबा, वर्तमानपत्र, आणि अंगात रग शिल्लक असलेले एक जनावर. ते कंटाळले की उशी फाडते, चपला पळवते, पडद्याला झोंबते.

जळगावात माझे मावसभाऊ आणि वहिनी एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. दोघांचीही सत्तरी उलटली आहे. मुलगी परदेशी गेली आणि तिचा ब्रूनो मागे राहिला. अशी मागे राहिलेली कुत्री आज गावोगावी आहेत. त्यांच्या घरी मी भर दुपारी पोचले, तेव्हा वहिनींनी दिवाणाखालची जुनी सतरंजी काढून अंथरली. ब्रूनो आपण होऊन तिच्यावर येऊन बसला. वहिनींनी एका विरलेल्या सुती पंच्यात ज्वारीच्या भाकरीचे चार-सहा तुकडे ठेवले, पंचा गुंडाळला आणि सैलशी गाठ मारून त्याच्यापुढे टाकला. पुढची पंधरा मिनिटे त्या घरात केवळ हुंगण्याचा आवाज होता. तुकडे संपले, पंचा मोकळा झाला आणि ब्रूनो कूलरसमोर आडवा झाला तो तासभर उठला नाही.

यात जादू काही नाही. वासाची जाण असणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात साधारण ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक असतात असे मानले जाते. नाकाने शोध घेणे हे त्याच्या मेंदूला मोठे काम असते आणि त्याने तो खरोखर दमतो. धावायला अंगण लागते, हुंगायला हातभर जागा पुरते. गुडघे दुखणाऱ्या मालकासाठी याहून सोयीचा खेळ मला तरी माहीत नाही.

मला अधिक कौतुक वाटले ते सतरंजीचे. ती अंथरली की खेळ सुरू, गुंडाळली की संपला. कागदाचा पुठ्ठा फाडायचा असो, जुन्या धोतराच्या पट्ट्यांची घट्ट वेणी चावायची असो, सारे तिच्यावरच. शेवटी ती गच्चीत झटकली की घर होते तसे. हे समजायला ब्रूनोला तीन आठवडे लागले आणि भाऊंना त्याहून थोडे अधिक, असे वहिनी म्हणाल्या. खेळणी एका टोपलीत झाकलेली. एका वेळी दोनच बाहेर, बाकीची आठवड्याने. दडवून ठेवलेले खेळणे कुत्र्याला पुन्हा नवे वाटते. वेणी मात्र सुतीच हवी, आणि तिचे धागे सुटू लागले की ती फेकून द्यावी. गिळलेला दोरा आतड्यात अडकू शकतो.

खाऊच्या बाबतीत खानदेशी घराने विशेष जपायला हवे. आपल्या भरताला आणि शेवभाजीला लसूण-कांद्यावाचून चव नाही, आणि कांदा, कांद्याची पात, लसूण ही तिन्ही कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपायकारक आहेत. बेदाणे आणि द्राक्षे तर मूत्रपिंडालाच इजा करू शकतात. त्यामुळे भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे भरिताचे वांगे पाहुण्याला अवश्य वाढावे, ब्रूनोला नव्हे. तसेच मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळ्याचे दोन काप त्याला चालतात. साल लगेच डब्यात जावी. ती कोणाच्या पायाखाली येईल ते सांगता येत नाही.

जळगावहून धुळ्याला जाताना बांभोरीला गिरणा ओलांडली की एरंडोल, पारोळा करीत रस्ता कापसाच्या काळ्या रानांतून जातो. आत वळल्यास धाब्याची जुनी घरे अजून दिसतात. मातीचे सपाट छप्पर, जाड भिंती, पुढे ओटा. त्या घरांत कुत्र्याची जागा ठरलेली असे: ओट्याची पायरी. उंबऱ्याच्या आत त्याचे काही नसे आणि त्याला करमणुकीचीही गरज नसे, कारण त्याला काम होते. रात्री राखण, दिवसा शेत. आज त्याला आपण उंबऱ्याच्या आत घेतले आणि काम मात्र काढून घेतले. फाटलेली उशी हा त्याचाच हिशेब आहे.

धुळ्यात माझी आत्या, आमच्याकडच्या बोलीत फुई, देवपुरात राहते. पांझरेच्या अलीकडे कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या सरळ गल्ल्यांचे धुळे, पलीकडे एकवीरा देवीचे देवपूर. फुई ७८ वर्षांची आहे, एकटी आहे आणि तिच्याजवळ मोती नावाचा पाच वर्षांचा गावठी कुत्रा आहे. गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या दारात ठेवलेल्या त्याच्या पाण्याच्या भांड्याला अडखळून ती पडली. मनगटावर निभावले. पुण्याच्या मुलाने त्याच आठवड्यात सांगितले, की मोतीला मळ्यात पाठवून द्यावे.

त्याचे म्हणणे निराधार नव्हते. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळातील नोंदींवरून केलेल्या अभ्यासात कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे ८६ हजार निघाली. त्यांतील बहुसंख्य कुत्र्यांमुळे पडले होते. पायात येणे, पट्ट्याला हिसका बसणे, खेळण्याला किंवा भांड्याला अडखळणे ही त्यांतली काही कारणे. उतारवयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे या पाक्षिकाच्या वाचकांना सांगायला नको.

फुईने वाद घातला नाही. तिचे सासर साक्री तालुक्यातले, पांझरेच्या फड पद्धतीखालच्या शेतीचे. नदीवरच्या बंधाऱ्याचे पाणी पाटाने आणायचे, रानाचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, कोणता फड या वर्षी पडीक ठेवायचा तेही मिळून ठरवायचे. पाणी कोणाला केव्हा हे पाटकरी पाहतो. फुईने घराचे फड पाडले, आणि पाटकरीही तीच झाली.

स्वयंपाकघर व न्हाणीकडची वाट कायमची पडीक: मोतीला तेथे मज्जाव, दारात गुडघ्याएवढी पांढऱ्या रंगाची फळी, तिच्याही डोळ्यांना लांबून दिसेल अशी. पाण्याचे भांडे भिंतीच्या कोपऱ्यात. दुपारी माजघर, तेही गोणपाटापुरते. सायंकाळी ओटा. रात्री त्याचे अंथरूण पलंगाच्या पायथ्याशी. पलंग आणि न्हाणी यांच्या मधल्या वाटेवर काहीही नाही, दिवा मात्र जळता. गळ्यात बैलाच्या साजातली लहान घंटा बांधली आहे. आधी घुंगरू होते. परंतु वयोमानाने बारीक, उंच पट्टीचे आवाज प्रथम ऐकू येईनासे होतात, म्हणून तिने ते बदलून जरा भरदार नादाची घेतली. फिरायला नेण्यासाठी शेजारचा विद्यार्थी येतो. तो नसेल त्या दिवशी ती स्वतः नेते, पण पट्टा मनगटाला गुंडाळत नाही. हातात धरते, म्हणजे वेळप्रसंगी सोडता येतो.

स्वच्छतेचेही तिचे ठाम मत आहे. कोरड्या झाडूने केस उडतात आणि दम लागतो, म्हणून ओले फडके. तेही वाकून नव्हे, लांब दांड्याचे. फिनाईलने पुसल्यावर फरशी पुन्हा साध्या पाण्याने पुसून वाळेपर्यंत मोती बाहेर, कारण तो पंजे चाटतो. केस विंचरणे रोज ओट्यावर, तेव्हाच गोचीड पाहणे. पावसाळ्यात काळी माती पंजांना मेणासारखी चिकटते. त्यासाठी दाराशी पाण्याची परात आणि जुना टॉवेल आधीच तयार. रेबीजची लस आणि जंताचे औषध यांच्या तारखा दिनदर्शिकेवर, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या नोंदीशेजारी.

मुलगा मध्यंतरी येऊन दोन दिवस राहिला. फळी हलवून पाहिली, रात्री उठून न्हाणीपर्यंत चालून पाहिले. दिवाळीपर्यंत मोती राहू दे, मग पाहू, असे म्हणून गेला. फुईने थंडीसाठी मोतीची गोधडी शिवायला घेतली आहे.