हसू आणि बाक
'चला हवा येऊ द्या' २०१४ साली सुरू झाले, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ साली. दोन्हींवर माझा लोभ आहे. दिवसभर वह्या तपासून शिणलेल्या मास्तराला संध्याकाळी दुसरे काय हवे? समीर चौघुले नुसते डोळे विस्फारतात आणि आमचे घर खदखदते. पण अशा कार्यक्रमांत कुणाच्या पोटावर, कुणाच्या काळ्या रंगावर विनोद झाला, की दुसऱ्या दिवशी तोच माझ्या वर्गात येतो. तिथे तो एका मुलीच्या वाट्याला जातो. दूरदर्शनवरचा दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव (जुने भाग मी अजून आवडीने पाहतो) स्वतःच्याच फजितीने हसवीत असे. त्याची नक्कल करून कुणाला रडवता येत नाही. ती मुलगी हल्ली शेवटच्या बाकावर बसते.