चोच सोडून बाकी सगळं

चिमणीएवढा पक्षी. पाठ तपकिरी, तिच्यावर गडद रेघा, पोट मळकट पांढरं. कठड्यावरच्या परळात बाजरी ठेवलेली असते, तिथे येतो आणि मान तिरपी करून गालाच्या बाजूने दाणा उचलायला बघतो. वरची चोच खालच्या चोचीच्या बरीच पुढे गेलेली, टोकाशी खाली वळलेली. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत त्याचा फोटो फिरला आणि अंदाज सुरू झाले. कुणी सूर्यपक्ष्याची मादी म्हणालं, कुणी तीरचिमणी, कुणी चंडोल. एकाने हिमालयातून वाट चुकून आलेला पाहुणा ठरवून टाकला. हिमालयात वाकड्या चोचीचा एक पक्षी आहे खरा, त्याच्या चोचीची टोकं एकमेकांवरून गेलेली असतात. पण तो सूचिपर्णी झाडांच्या शंकूंमधून बिया काढून जगतो. त्याला बाजरीच्या परळाशी काय करायचंय?

*

आपण सगळे पक्षी ओळखायला चोचीपासून सुरुवात करतो, आणि ते बरोबरच आहे. पण चोचच बिघडलेली असली की ती बाजूला ठेवायची आणि उरलेला पक्षी वाचायचा.

आधी चाल. तीरचिमणी आणि चंडोल जमिनीवर एकेक पाऊल टाकत चालतात. हा पक्षी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारत होता. दोन नावं तिथेच गळाली. सूर्यपक्षी याच्यापेक्षा लहान, शिवाय तो फुलांकडे जातो, दाण्यांकडे नाही. सुगरणीची मादी दिसायला जवळची, पण तिची भुवई पिवळसर आणि शेपूट आखूड. पिवळ्या गळ्याच्या रानचिमणीच्या पंखावर दोन पांढरे पट्टे असतात आणि पाठीवर रेघा नसतात. इथे पाठीवर रेघा ठळक, छाती साधी, डोळ्यामागे फिकट भुवई. सोबतीला काळ्या गळ्याचे चिवचिवणारे नर. म्हणजे आपली घरचिमणीच, मादी.

नाव इतकं साधं निघालं म्हणून सोसायटीतल्या काहींचा विरस झाला. मला मात्र तिथून पुढे खरा विषय सुरू होतो असं वाटलं.

*

पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी मुलगा असताना छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिचा गळा पिवळा होता. ही कोण, हे विचारायला ते मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी निघाली, आणि मिलार्ड यांनी त्यांना संस्थेतला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. नेहमीच्या चिमणीत काहीतरी वेगळं दिसलं आणि ते विचारावंसं वाटलं, एवढ्यावरून पुढचं सगळं घडलं.

*

चोच आत हाडाची असते आणि बाहेरून केराटिनचं कवच. आपली नखंही केराटिनचीच. हे कवच आयुष्यभर वाढत राहतं आणि खाण्याने, फांदीवर घासण्याने, वरचा भाग खालच्यावर चालल्याने झिजत राहतं. वाढ आणि झीज जुळली की चोच आपल्याला 'नेहमीएवढी' दिसते.

कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या कालवफोड्याची चोच दिवसाला सुमारे ०.४ मिलिमीटर वाढते. शिंपल्यांऐवजी चिखलातले किडे खायला लागला की त्याच्या चोचीचं टोक थोड्याच दिवसांत आकार बदलतं. इतकी ही गोष्ट चालती आहे. त्यामुळे वरच्या चोचीचं टोक तुटलं तर खालची घासली जात नाही आणि नुसती वाढतच सुटते. दुखापत थेट मुळाशी झाली, तर नवं कवचच वाकडं उगवतं.

*

दाणा उचलणं हे चिमणीचं अर्धंच काम. तो जिभेने चोचीच्या कडेशी आणून, सोलून, टरफल टाकायचं असतं. आमच्या चिमणीला ते जमत नाही. ती भाताची शितं घेते, पोळीचा चुरा घेते, ज्वारीची कणी घेते. अख्खी बाजरी दोनदा तोंडातून सुटली की सोडून देते.

*

पिसांची निगा हा चोचीचा दुसरा धंदा, आणि माझ्या मते जास्त निकडीचा. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या डेल क्लेटन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पारव्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पारव्याच्या वरच्या चोचीचं टोक खालच्यापेक्षा किंचित पुढे असतं. त्यांनी तेवढंच टोक कापलं. पारवे पूर्वीसारखे खात राहिले, पण त्यांच्या पिसांतल्या उवा वाढल्या. उवा चिरडायला ते एक-दोन मिलिमीटरचं टोक लागतं.

म्हणून बाकदार चोचीचा पक्षी दिसला की मी आता चोचीआधी पिसांकडे बघतो. मानेवरची पिसं विस्कटलेली, पंख मळकट, पक्षी सारखा खाजवतोय, तर पोट भरत असलं तरी त्याचं बरं चाललेलं नाही. आमची चिमणी कुंडीतल्या कोरड्या मातीत बराच वेळ लोळते. मी ती कुंडी रिकामीच ठेवली आहे.

*

चोच बिघडायची कारणं पुष्कळ. काचेवर आपटणं. 'अ' किंवा 'ड' जीवनसत्त्वाची, कॅल्शियमची कमतरता, विशेषतः पिलू वाढत असताना. पक्ष्यांची देवी: पाय, डोळ्यांभोवतीची कातडी आणि चोचीचं मूळ इथे गाठी येतात, डासांमुळे पसरते आणि घाणेरड्या भांड्यांमुळेही. चोचीच्या मुळाशी खपल्यांचा सच्छिद्र थर दिसला तर सूक्ष्म कोळी (माइट). पोपटांमध्ये चोच आणि पिसं दोन्ही बिघडवणारा एक विषाणू असतो.

आणि आपल्याकडचं एक खास कारण, नायलॉन मांजा. नाशिक आणि येवल्यात संक्रांतीला पतंगांचा जो उत्साह असतो तो मला मनापासून आवडतो. पण नायलॉनचा दोरा तुटत नाही, कुजत नाही, झाडात महिनोन्‌महिने राहतो. त्यावर बंदी आहे आणि तरी तो मिळतो, ही संतापाची गोष्ट आहे. पंख कापलेले पक्षी आपल्याला दिसतात, कारण ते खाली पडतात. चोचीला काप गेलेला पक्षी उडून जातो, मोजला जात नाही.

*

अलास्का. तिथे काळ्या टोपीचा चिकडी नावाचा चिमुकला पक्षी घरोघरच्या दाण्यांच्या भांड्यांवर येतो. १९९० च्या दशकात लोकांना लांब, वळलेल्या, एकमेकांवरून गेलेल्या चोचींचे चिकडी दिसू लागले आणि ते कळवू लागले. कॉलीन हँडल आणि कॅरोलाइन व्हॅन हेमर्ट यांनी त्याचा पाठपुरावा केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे: दक्षिण-मध्य अलास्कातल्या प्रौढ चिकडींपैकी ६.५ टक्के बाधित, तिथल्या कावळ्यांमध्ये जवळपास १७ टक्के. एरवी वन्य पक्ष्यांत अशी चोच अगदी तुरळक असते. बाधित चिकडींचं केराटिन दुपटीच्या आसपास वेगाने वाढत होतं, म्हणजे झीज तीच, वाढ जास्त. २०१६ मध्ये मॅक्सीन झिल्बरबर्ग आणि सहकाऱ्यांना बाधित पक्ष्यांत एक नवा विषाणू सापडला. त्याचं नाव पोएसीव्हायरस.

या सगळ्याची सुरुवात खिडकीत बसून पक्षी बघणाऱ्यांनी केली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण म्हणून आमच्या चिमणीला तोच रोग आहे असं म्हणायचं नाही. एका फोटोवरून विषाणू दिसत नाही. तो प्रयोगशाळेतच ओळखावा लागतो.

*

कारण शोधताना आमच्याकडे द्राक्षबागांकडे लगेच बोट जातं. 'औषधं मारतात ना, त्यामुळेच,' असं मला चार जणांनी तरी सांगितलं. बोट दाखवायला काय लागतं? रसायनांनी चोची बिघडल्याचं ठोस उदाहरण आहे ते कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयाचं. शेतीतून निथळून येणाऱ्या पाण्याबरोबर तिथे सेलेनियम साठलं आणि १९८३ मध्ये पाणपक्ष्यांची पिलं वाकड्या चोचींची, डोळे नसलेली निघाली. तिथे एकेक घरटं आणि अंडं तपासलं, पाणी तपासलं, मग बोललं गेलं. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० मध्ये जाहीर झालेलं. गोदावरी-कादवा संगमाचं ते पाणी शेतांमधूनच येतं. तिथे वारकरी पक्ष्याचं किंवा टिबुकलीचं एखादं जरी वाकड्या चोचीचं पिलू दिसलं, तर त्याची नोंद आमच्या चिमणीपेक्षा कितीतरी वजनाची ठरेल.

*

चिमण्यांसाठी दाण्यांची भांडी आणि लाकडी घरटी टांगायची चळवळ नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी देशभर नेली. त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी, २००८ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने पर्यावरणासाठी झटणाऱ्यांत केलेली त्यांची निवड, २० मार्च २०१० पासूनचा जागतिक चिमणी दिन. २०१२ मध्ये दिल्लीने चिमणीला राज्यपक्षी केलं. आज नाशिकच्या कितीतरी बाल्कन्यांमध्ये भांडं टांगलेलं दिसतं. इगतपुरीकडून भाताच्या लोंब्यांची जुडी आणून लावणारेही आहेत. ते मला सगळ्यात आवडतं: दाणा ताज्या कणसात राहतो, भांड्यात कुजत नाही.

*

भांडं टांगलं की ते धुणंही आलं. इंग्लंडमध्ये २००५ पासून हिरव्या फिंचांमध्ये घशाचा एक परजीवी रोग पसरला आणि त्यांची संख्या कोसळली. एकाच भांड्यावर गर्दीने खाणं-पिणं हे पसरण्याचं एक कारण. आपल्याकडे पावसाळ्यात भिजलेल्या दाण्याला बुरशी येते ती निराळी. थोडे दाणे, रोज नवे. पाणी रोज बदलायचं. आठवड्याला भांडं घासून, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून विसळायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. चिवडा, शेव, फरसाण घालू नये. नाशिककरांना चिवड्याचा अभिमान असावाच, पण तेल-मीठ चिमणीसाठी नाही.

आजारी दिसणारे पक्षी एकापेक्षा जास्त आले, तर काही दिवस भांडं उचलूनच ठेवावं. पक्षी उपाशी मरत नाहीत, दुसरीकडे पांगतात, आणि तेच हवं असतं.

*

चोच बिघडलेली वाटते पण नसते: चोचीला चिकटलेली द्राक्षाची साल, सुकलेला चिखल, सावरीचा कापूस, काटकीचा तुकडा. दुसरा फोटो दुसऱ्या दिवशीचा असावा. चोचीच्या पिवळ्या कडा असलेलं पिलूही पुष्कळांना फसवतं.

*

पितृपक्षात रामकुंडावर कावळे जितके जवळून दिसतात तितके एरवी दिसत नाहीत. घासाची वाट बघत माणसं थांबलेली असतात, सगळ्यांची नजर कावळ्यावर. तेव्हा चोची बघाव्यात. गावकावळ्याची चोच वाढून जाड, कमानदार दिसली तर लोक त्याला डोमकावळा समजतात. मान बघा: राखाडी असेल तर गावकावळाच. कावळा दीर्घायुषी, धीट आणि ओळखीच्या जागी परत येणारा. अलास्कातल्या १७ टक्क्यांनंतर मला वाटतं की आपल्याकडे सातत्याने बघायचा पक्षी हाच आहे.

*

शेजारच्या मुलीने विचारलं, 'काका, तिला पकडून चोच कापून देऊ या का?' तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून नीट उत्तर दिलं. वाढलेल्या केराटिनच्या आत रक्त आणि हाड असतं, घरच्या कात्रीने ते कळत नाही. कापली तरी पुन्हा वाढते. शिवाय वन्य पक्षी पकडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. उडता येत नसेल, निपचित असेल, तर वन विभागाला १९२६ वर फोन. उडतेय, खातेय, तोवर कणी आणि भात ठेवायचा. ती मुलगी आता रोज शितं वेगळी काढते.

*

वाकड्या चोचीचे पक्षी घराजवळ जास्त दिसतात. यावरून ते घराजवळ जास्त होतात असं ठरत नाही. रानात असा पक्षी लवकर मरतो. भाताची शितं मिळतात तिथे तो तगतो, आणि तिथेच माणूसही बघत असतो.

*

नोंद कशी करावी, मुलीच्या वहीसाठी लिहून दिलं ते इथेही. फोटो दोन्ही बाजूंनी आणि समोरून, चोच मिटलेली असताना. तारीख, जागा. वरची वाढली की खालची, कुठे वळली. पायांवर, डोळ्यांभोवती गाठी आहेत का. पिसांची अवस्था. काय खाल्लं, कसं उचललं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना शेऱ्यात हे सगळं. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये भारत २०१३ पासून आहे. त्यात घरच्या कठड्यावरची पंधरा मिनिटंही चालतात.

आणि खाली अधोरेखित करून: सरळ चोचीच्या किती होत्या, तेही. अलास्कावाल्यांना ६.५ टक्के सांगता आले ते त्यांनी धडधाकट चिकडीही पकडून, मोजून, कडी घालून सोडले म्हणून. आपल्या वहीत वाकड्या चोचीची एकच चिमणी लिहिलेली असली, तर ती वीसांतली एक की दोनशेंतली, हे पुढच्या वर्षी कुणालाच कळणार नाही.