पाऊस पडायच्या आधीची पाणीपट्टी

मिशिगनमध्ये स्की करायच्या चाळीसेक जागा आहेत, आणि सह्याद्री पाहिलेल्या माणसानं डोंगर म्हणावा असं त्यात फारसं काही नाही. आम्ही राहतो त्या नोव्हायहून अर्ध्या तासावर माउंट ब्रायटन आहे. नावात माउंट, उंची वरपासून खालपर्यंत २३० फूट. आमच्या महाळुंग्याजवळच्या भामचंद्र डोंगराशेजारी नेऊन ठेवलं तर त्याला कुणी टेकाडही म्हणणार नाही. पण मशीननं बर्फ करून, रात्री दिवे लावून तिथं माणसं घसरतात. चाकणच्या कारखान्यातून मला इकडं पाठवलं त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्हीही त्यांच्यात सामील झालो. मी, नवरा आणि लेक. लेक आमच्यापेक्षा चांगली घसरते.

आता पासाचं. दर वेळी खिडकीवर तिकीट काढणं इथं मुद्दाम महाग ठेवलंय. लोकांनी आधीच पास घ्यावा म्हणून. व्हेल रिसॉर्ट्स कंपनीनं २००८ साली ५७९ डॉलरला एपिक पास काढला आणि या धंद्याचं गणितच बदललं. एक पास, अनेक डोंगर. मग कंपनी डोंगर विकत घेत गेली. २०१२ साली ब्रायटन घेतलं, २०१९ मध्ये शेजारच्या ओहायोतल्या टेकड्या. २०१८ मध्ये समोर आयकॉन पास उभा राहिला. त्यावर चार तास गाडी हाकून बॉइन माउंटनला ठरावीक दिवस जाता येतं. २०१९ मध्ये आला इंडी पास, म्हणजे कुठल्याच बड्या साखळीत नसलेल्या डोंगरांची आघाडी. प्रत्येक ठिकाणी दोन दिवस. कॅबरफे पीक्स, क्रिस्टल माउंटन असल्या जागा त्यात येतात.

हे सगळं मी आप्पांना फोनवर सांगत होते, कारण त्यांनी विचारलं होतं. आप्पांना पासाचं शास्त्र कळतं. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना १९८८ साली सुरू झाली तेव्हापासून ते तिचे गिऱ्हाईक. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि महाराष्ट्र पालथा घालायचा. आई म्हणते, पास वसूल करायच्या नादात हा माणूस तुळजापुरात देवीसमोर दोन मिनिटं थांबला नाही, कारण पंढरपूरची गाडी लागली होती. अमेरिकेतल्या लोकांना जे आहे ते हेच. फक्त गाड्यांऐवजी पाळणे.

"किती दिवसांत वसूल?" आप्पांचा पहिला प्रश्न.

ब्रायटनला आठ-नऊ दिवस गेलो तर एपिक लोकल वसूल. इंडी चार-पाच दिवसांत, पण त्यासाठी दर वेळी हॉटेल आणि लांबची गाडी. आयकॉन आमच्यासाठी नाहीच, तो कोलोरॅडोला विमानानं जाणाऱ्यांचा. बॉइनची जमीन एव्हरेट किर्चर यांना १९४८ च्या सुमारास एका डॉलरला मिळाली, अशी गोष्ट सांगतात. तीही मी ऐकवली. आप्पा जरा वेळ गप्प झाले. आमची तीन एकर एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. जमिनीच्या भावाची कुठलीही गोष्ट ते नुसती ऐकत नाहीत, मनात मोजतात.

मग म्हणाले, "आन् घ्यायचा कधी?"

"आत्ता. लेबर डेनंतर किंमत वाढते."

"आत्ता बर्फ हाय का तिकडं?"

"नाही. डिसेंबरात."

"म्हंजे पाऊस पडायच्या आधीच पाणीपट्टी भरायची."

यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. बर्फ पडो न पडो, पैसे कंपनीच्या खात्यात. २०२३-२४ चा हिवाळा मिशिगनमध्ये इतका उबदार गेला की कितीतरी टेकड्यांवर बर्फ टिकला नाही. हवामानाचा धोका डोंगराच्या मालकाकडून उचलून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवला आहे, आणि गिऱ्हाईक त्याबद्दल सवलत मिळाली म्हणून खूश आहे. मीही असतेच.

आमच्या खोल्यांतली पोरं हेच रोज सोसतात. १ जून २०२५ पासून पीएमपीचा दिवसाचा पास ४० वरून ७० रुपये झाला, पण तो पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीपुरता. महाळुंगे हद्दीबाहेर. तिथून निगडीपलीकडं रोज जाणाऱ्याला १२० चा पास १५० ला घ्यावा लागतो, नाहीतर तिकिटं जोडत बसायचं. कुठल्या रेषेच्या आत तुमचं आयुष्य बसतं, हे पास काढताना ठरवावं लागतं. त्यांना पोटासाठी, मला मौजेसाठी, एवढा फरक आहे आणि तो लहान नाही.

माझी रेषा निराळी होती. आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठरत होतं. मोटारीच्या धंद्यात नाताळ ते नववर्ष काम बंद असतं, वर्षातली तेवढीच सलग सुट्टी. विमानाची भाडी तेव्हाच सर्वांत जास्त, आणि स्कीचाही तोच ऐन आठवडा. आप्पा म्हणत होते, "येऊ नको, दादा हाय इथं." दादा म्हणत होता, "तू बघ तुझं." आई काहीच म्हणत नव्हती.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर गेल्या हिवाळ्यातल्या खुणा मोजल्या तर ब्रायटनचे अकरा दिवस भरले. मंगळवारी, गुरुवारी, ऑफिस सुटल्यावर. एपिक लोकल घेणं फायद्याचं, हिशेब संपला. हिशेबात त्याची चूक नव्हती. पण त्या अकरांतले पाच दिवस नाताळच्या आठवड्यातले होते. अमर्याद पास खिशात असला की तो आठवडा कसा जाईल ते मला ठाऊक होतं. पास वसूल करणाऱ्याचीच मी लेक. तुळजापुराहून पंढरपूरची गाडी.

२०२५ साली लेबर डे १ सप्टेंबरला होता, आणि त्याच दिवशी गौरीपूजन. रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडं सोमवार उजाडल्यावर, आईनं व्हिडिओवर गौरी दाखवल्या. मुखवटे आजीच्या वेळचे, साड्या या वर्षीच्या. मागून तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न. "माहेरवाशिणी आल्या," आई म्हणाली, नेहमी म्हणते तसंच. मी फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

एपिकचा अजून एक प्रकार आहे, मोजक्या दिवसांचा. एक ते सात दिवस, हवे तेवढे आधी घ्यायचे. त्यात एक प्रश्न विचारतात, सुट्टीच्या दिवसांसह की ते वगळून? वगळले की स्वस्त. नवऱ्यानं स्वतःसाठी एपिक लोकल घेतला, त्याला मी अडवलं नाही. लेक चौथीत आहे. मिशिगनमध्ये चौथी-पाचवीच्या मुलांना 'कोल्ड इज कूल' नावाचा परवाना मिळतो, थोडी फी भरली की बऱ्याच टेकड्यांवर त्यांना ठरावीक वेळा फुकट जाता येतं. माझ्यासाठी मी चार दिवस घेतले. सुट्टी वगळून.

दुसऱ्या टॅबमध्ये विमान होतं. तीन तिकिटांचे आकडे बघून आम्ही दोघंही थोडा वेळ बोललो नाही. मग दोन काढली, माझं आणि लेकीचं.

आप्पांना सांगितलं तर आधी रागावले. गुडघा काय पळून जातोय का, जानेवारीत घेतलं असतं, वगैरे. मग विचारलं, "पोरीचा तो फुकटचा पास, तो कधीपर्यंत चालतो?"

"हिवाळा संपेपर्यंत."

"मग परत गेल्यावं ने तिला. वाया नको घालवू."