मत देणे आणि मत असणे

मराठीत 'मत' हा एकच शब्द दोन कामे करतो. एक मत यंत्रात जाते, दुसरे तोंडातून बाहेर पडते. २३ नोव्हेंबर २०२४ च्या शनिवारी महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला, तेव्हा आमच्या मँचेस्टरच्या मित्रमंडळींत दुसऱ्या प्रकारच्या मतांचा सुकाळ होता. पहिल्या प्रकारचे कोणाकडेच नव्हते.

तिकडे मतमोजणी सकाळी आठला सुरू झाली, म्हणजे इथे रात्री अडीचला. आमचा चहा होईपर्यंत चित्र स्पष्ट होते. महायुतीला २८८ पैकी २३० च्या वर जागा, त्यात एकट्या भाजपच्या १३२. आघाडीच्या तीन मोठ्या पक्षांच्या मिळून ४६. पृथ्वीराज चव्हाण कराड दक्षिणमध्ये आणि बाळासाहेब थोरात संगमनेरमध्ये पडले.

मग सुरू झाले विश्लेषण. 'पंधराशे रुपयांत मते विकली,' असा एकाचा निष्कर्ष. त्याच वर्षी जूनमध्ये याच मतदारांनी आघाडीला ४८ पैकी ३० खासदार दिले होते. तेव्हा त्याला हाच मतदार सुजाण वाटला होता, आणि आमच्यातल्या पलीकडच्या गटाला भोळा. पाच महिन्यांत दोन्ही गटांनी विशेषणांची अदलाबदल केली, एवढेच.

माझी चुलतवहिनी कराड तालुक्यात राहते. तिला 'लाडकी बहीण'चे पैसे येतात. फोनवर मी विचारले, त्यासाठी मत दिलेस का? ती म्हणाली, "मत कुणाला दिलं ते सांगणार नाही. पण भावजी, पैसे माझ्या खात्यात येतात. लेकीच्या क्लासची फी भरताना कुणाला विचारावं लागत नाही." तिजोरीला हा खर्च झेपेल का, हा प्रश्न रास्तच आहे. पण ज्याला तिच्या खात्यात डोकावायचे आहे, त्याने आधी तिचे म्हणणे ऐकावे.

आकडेही नीट पाहायला हवेत. काँग्रेसला १२.४ टक्के मते आणि १६ जागा. शिंदेंच्या शिवसेनेलाही जवळपास तेवढीच मते, पण जागा ५७. कोण किती जागा लढवतो आणि मते कुठे एकवटतात यावर हे ठरते. ही पद्धत आपण ब्रिटिशांकडूनच घेतली. इथे त्याच वर्षी जुलैमध्ये लेबर पक्षाने ३४ टक्क्यांहूनही कमी मतांत प्रचंड बहुमत मिळवले. म्हणून 'सगळा महाराष्ट्र अमक्याच्या बाजूने' हे वाक्य जरा जपून वापरावे.

आता आपल्याबद्दल. राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून, भारतीय पासपोर्ट असूनही, मी २०२४ मध्ये मँचेस्टरमध्ये महापौर, कौन्सिलर आणि खासदार या तिघांसाठी मत देऊ शकलो. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालला. महाराष्ट्रात मात्र त्याच पासपोर्टवर मत द्यायचे तर नमुना ६-अ भरून अनिवासी मतदार म्हणून नोंदणी करावी लागते आणि मतदानाच्या दिवशी स्वतः केंद्रावर हजर राहावे लागते. टपालाने मत देण्याची सोय आपल्याला नाही. २० नोव्हेंबर हा बुधवार होता, आणि तेव्हा मँचेस्टरहून मुंबईला थेट विमानही नव्हते. ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले, त्यांचा तर प्रश्नच मिटला. ओसीआय कार्डावर मतदान नाही.

ही सोय व्हावी का? मला पूर्वी सरसकट 'हो' वाटायचे. आता मी थोडा थांबतो. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले. आपल्या एका मंडळाच्या दिवाळीला याहून जास्त माणसे जमतात. तिथला दवाखाना, एसटी, धानाचा भाव यांतले काहीही ज्यांना भोगायचे नाही, त्यांनी तो निकाल फिरवावा का? उलट, ज्यांचे आईवडील त्याच दवाखान्यावर अवलंबून आहेत, त्यांना परके तरी कसे म्हणावे? माझे उत्तर अजून ठरलेले नाही.

तोवर एक काम मात्र आपल्या हातात आहे. मतदार नोंदणीबद्दल कौन्सिलचे पत्र आले की 'आपण कुठे इथले' म्हणून ते बाजूला टाकू नका. भारतीय पासपोर्ट असला तरी ते पत्र तुमच्यासाठी आहे. भरून पाठवा. इथल्या शाळा, बस आणि दवाखाने तर आपण रोजच वापरतो.