आरोपी कुणाला म्हणायचं?

लातूर

चि. सोनू,


तुझी इंग्रजी बातमी वाचली आणि राहवलं नाही. नांदेडच्या पोटगीच्या अर्जावर लिहिताना त्या नवऱ्याला तू सरळ 'ॲक्यूज्ड' करून टाकलंस. अगं, पोटगीच्या अर्जात आरोपी कुठून आला? बायको अर्जदार, नवरा गैरअर्जदार. इंग्रजीत 'ॲप्लिकंट' आणि 'रिस्पॉन्डंट'. पूर्वीचं कलम 125 काय किंवा नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 144 काय, कायदा फौजदारी प्रक्रियेचा असला तरी मागणी पोटापाण्याची असते, शिक्षेची नसते. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यातही तो 'रिस्पॉन्डंट'च. संरक्षण आदेश मोडला आणि कलम 31 खाली खटला उभा राहिला, तरच तो आरोपी होतो.

उलट बाजूची चूकही तितकीच जड. खुनाच्या खटल्यात फिर्याद देणाऱ्या मृताच्या भावाला 'प्लेंटिफ' लिहितात. पण तो वादी नव्हेच. पोलिसांनी दाखल केलेला खटला महाराष्ट्र शासनाचा असतो आणि भाऊ त्यात बहुधा साक्षीदार म्हणून उभा राहतो. 'प्लेंटिफ' आणि 'डिफेंडंट' आपल्याकडे दिवाणी दाव्यात. तिथंही पुढे नावं फिरतात. लातूरच्या कोर्टात बांधाच्या दाव्यातला प्रतिवादी हरला आणि अपिलात गेला की तो 'अपेलंट', आणि जिंकलेला वादी 'रिस्पॉन्डंट'. औरंगाबाद खंडपीठापर्यंत प्रकरण गेलं की मुळात दावा लावला कुणी हेच वाचणाऱ्याला कळेनासं होतं. म्हणून तर कितीतरी निकालपत्रांत न्यायाधीश आधीच सांगतात की पक्षकारांचा उल्लेख मूळ दाव्यातल्या नावानं केला आहे. निजामाच्या राजवटीत आपल्या भागातली कोर्टं उर्दूत चालायची, तेव्हाही दिवाणीतला प्रतिवादी म्हणजे मुद्दाअलेह वेगळा आणि फौजदारीतला आरोपी म्हणजे मुल्जिम वेगळा होता.

तू म्हणशील, सामान्य वाचकाला एवढा कीस कशाला? मग सरळ 'पती', 'शेतकरी', 'विमा कंपनी' लिही. सोपं लिहिण्याला माझी ना नाही, चुकीचं लिहिण्याला आहे. दुसरं म्हणशील, कोर्टसुद्धा नावाची चूक दुरुस्त करू देतं. देतं, पण कोर्टात दुरुस्तीचा अर्ज चालतो, गावात चालत नाही. बातमीत आरोपी झालेल्या माणसाच्या मुलीचं स्थळ मोडलं तर कोणता न्यायाधीश ते जुळवून देणार? मला काळजी वाटते ती याचीच. घाईत तू लिहिलेला एक शब्द दुसऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं नांदतो.

यापुढे बातमी देण्याआधी प्रकरणाचं पहिलं पान उघडत जा. कोण कोणाविरुद्ध आणि कोणत्या नात्यानं उभा आहे, ते तिथं लिहिलेलं असतं. आणि या बातमीची दुरुस्ती उद्याच्याच अंकात, नीट दिसेल अशी छापून आण.

तुझा,
काका