काळा साका

पीएचडीची अडीच वर्षं मी गाळ धुण्यात घालवली. असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून सहसा 'मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करत होते' एवढंच म्हणते.

गाळ आमच्या खाडीच्या वरच्या अंगाचा, जिथे पाणी नुसतं मचूळ उरतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, आणि ते असेपर्यंत त्यावर जगणारे जिवाणू मिथेनवाल्यांना पानावर बसूच देत नाहीत. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचं, नळी खुपसायची, प्रयोगशाळेत आणून तो गाळ नायट्रोजनखाली बाटल्यांत भरायचा. रबरी बूच, वर ॲल्युमिनियमची टोपी. आत जरा हवा गेली की रेझाझुरिन गुलाबी होऊन चुगली करायचं. खायला ॲसिटेट. पहिल्या बाटल्यांनी झकास मिथेन दिला. मग दर दीड-दोन महिन्यांनी थोडं द्रव नव्या बाटलीत घालायचं, म्हणजे हळूहळू गाळ सुटेल आणि निव्वळ जीव उरतील. मी बाटली तासभर उभी ठेवायचे, काळा साका बसू द्यायचे आणि सिरिंजने वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचे. माझ्या स्वच्छतेचं विभागात कौतुक होतं.

चौथ्या पिढीत मिथेन शून्य. पुन्हा सुरुवात, पुन्हा शून्य. असं तीनदा. मार्गदर्शकांच्या मते कुठेतरी हवा जात होती, म्हणजे माझा हात कच्चा होता. रेझाझुरिन एकदाही गुलाबी झालं नव्हतं, पण मीही तेच मानलं. फेलोशिप संपली आणि मी ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले.

खाणं म्हणजे शेवटी अन्नातले इलेक्ट्रॉन काढून घेणं. आपण ते ऑक्सिजनवर ढकलून मोकळे होतो. गाळात ऑक्सिजन नाही. घेणारा कुणी भेटला नाही तर जेवणच थांबतं. आम्हाला शिकवलं होतं की जिवाणू ते हायड्रोजनच्या रूपात सोडतो आणि मिथेनवाला उचलतो. (मिथेनवाले जिवाणू नव्हेत, आर्किया, पण ते असो.) 1967मध्ये ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की 'मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की' म्हणून सांभाळला जाणारा एक जीव प्रत्यक्षात दोन होते, हायड्रोजनच्या देवघेवीवर तगलेले. ती गोष्ट मला फार आवडायची. त्यामुळे असेल, हायड्रोजनशिवाय दुसरी वाट असेल हे मनातच आलं नाही. 2014मध्ये जिओबॅक्टर हा जिवाणू मिथेनवाल्याला थेट इलेक्ट्रॉन देतो हे दिसलं, तेव्हाही मी ते दुसऱ्या कुणाचं प्रकरण म्हणून वाचलं.

मग 2018चा, अमेलिया-एलेना रोतारू आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध. गाळ बाल्टिकच्या उत्तर टोकाचा, स्वीडन आणि फिनलंडच्या मधला. तिथे नद्यांचं पाणी इतकं येतं की समुद्र नावापुरताच खारा. त्यांच्या बाटल्यांत जिओबॅक्टर ॲसिटेट खायचा आणि मिथॅनोसार्सिना त्याचे इलेक्ट्रॉन घेऊन कार्बन डायऑक्साइडचा मिथेन करायचा. पण दोघांच्या मध्ये वीज वाहणारा कोळशाचा कण लागायचा. कण काढले की देवघेव बंद. गंमत म्हणजे मिथॅनोसार्सिनाला एरवी स्वतःला ॲसिटेट खाता येतं. इथे मात्र जिओबॅक्टर नाहीसा केला तर त्याला ते जमेना. असे कण वणव्यांतून, झिजणाऱ्या खडकांतून, आपण जाळतो त्या इंधनातूनही गाळात पोचतात. म्हणजे आपली काजळी खाली जाऊन मिथेन वाढवत असण्याची शक्यता आहे, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक तापवणारा.

हे मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वाचलं. पहिल्यांदा आठवला तो बाटलीच्या तळाचा काळा थर, जो मी इतक्या निगुतीने मागे ठेवला होता. तो बहुतांशी लोखंडाचा सल्फाइड असणार, आणि त्याचे काही प्रकार वीज चांगली वाहतात.

हेच घडलं असं छातीठोक म्हणता येणार नाही. साक्याबरोबर एखादा लागणारा धातू गेला असेल, किंवा कुठल्या तरी जिवाला गाळाला चिकटूनच राहायची सवय असेल. हात कच्चा होता, हेही खरं असू शकतं. पण ते सोडून दुसरं काही असू शकतं, हे सात वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

निबंध मार्गदर्शकांना पाठवला. 'छान आहे, वाचतो,' असं उत्तर आलं.

गेल्या महिन्यात माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातून दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बनची अर्ध्या किलोची पिशवी आणली. बुचं आणि बाटल्या जमवता येतील, खाडी तर आहेच. मिथेन मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, तो आमच्या कॉलेजात नाही. पिशवी सध्या प्रॅक्टिकलच्या जर्नल्सखाली, कपाटात आहे.